पहिलं अधिवेशन कसं उरकावं : माननीय नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका उत्तर प्रदेश विधानसभेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्यांसाठी आहे. एकूण जागा ४०३; त्यांतल्या जुन्याजाणत्यांनी खुशाल पान उलटावं. आमच्या आलमबागेच्या आमदारांनाही तिचा उपयोग नाही. मुळात आलमबाग नावाचा मतदारसंघच नाही. मोहल्ल्याचा बराचसा भाग लखनौ कॅन्टोन्मेंटमध्ये मोडतो, तिथून २०२२ मध्ये ब्रजेश पाठक निवडून आले आणि थेट उपमुख्यमंत्री झाले. त्याआधी त्यांची लोकसभा झालेली, राज्यसभा झालेली, एकदा विधानसभाही. अशा माणसाला शपथेचा कागद कुठल्या हातात धरायचा हे कोण सांगणार?

तरी ही पुस्तिका आलमबागेतच लिहिली आहे, कारण अधिवेशन भरतं विधान भवनात आणि उतू जातं आमच्याकडे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या इथल्या नव्या बस स्थानकात दूरदूरच्या जिल्ह्यांच्या गाड्या लागतात आणि त्यांतून तुमचे मतदार उतरतात. जेल रोडवरच्या इको गार्डनमध्ये धरणं धरण्याची नेमून दिलेली जागा आहे. ज्यांना विधान भवनासमोर उभं राहू दिलं जात नाही, ते तिथं बसतात. मी मानकनगरच्या आरडीएसओतून, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेतून, निवृत्त झालेला मराठी माणूस. शेजाऱ्यांची समजूत अशी की, ज्यांच्याकडे दर हिवाळ्यात अख्खं सरकार सामान बांधून नागपूरला जातं, त्या लोकांना अधिवेशनातलं कळत असणार. ही समजूत मी खोडून काढलेली नाही.

येताना

गाड्या कमी आणा. विधान भवनाच्या फाटकातून आत जाताना मोठा ताफा बाहेरच राहतो आणि मग मागच्या गाड्यांतले कार्यकर्ते 'आम्हाला ओळखलं नाही का' म्हणून पोलिसांशी भांडत बसतात. यातून तुमचा भौकाल वाढत नाही, वाहतूक तेवढी तुंबते. आलमबागेहून मेट्रो आहे. चारबाग, हुसैनगंज, मग थेट सचिवालय. हा सल्ला कुणीही मानणार नाही हे ठाऊक आहे, पण मार्गदर्शिकेत निदान एक तरी व्यवहार्य सल्ला असावा म्हणून दिला.

इमारत पाहून दडपण येऊ देऊ नका. पायाभरणी १९२१ ची, गव्हर्नर हारकोर्ट बटलर यांच्या हस्ते, उद्घाटन २१ फेब्रुवारी १९२८ चं, दगड मिर्झापूरकडचा. तिला तुमच्यासारखे पुष्कळ पाहायची सवय आहे.

शपथ

सोपी आहे, वाचून दाखवायची. फक्त ती घेतल्याशिवाय आसनावर बसून मतदान करायला जाऊ नका. घटनेच्या १९३ व्या कलमानुसार त्याला दिवसाला पाचशे रुपये दंड आहे. पाचशेचा आकडा १९५० पासून तसाच आहे. आमदारांच्या पगाराबद्दल असं म्हणता येणार नाही.

राज्यपालांचं अभिभाषण

निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणि दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनात राज्यपाल दोन्ही सभागृहांपुढे भाषण करतात. मजकूर सरकारचा असतो, आवाज राज्यपालांचा. नवशिक्यांचा इथं गोंधळ होतो: भाषणाबद्दल राग आला तर तो कुणावर काढायचा?

उत्तर प्रदेशात याची पद्धत पडून गेली आहे आणि तिचा अनुभव एका मराठी माणसाइतका क्वचितच कुणी घेतला असेल. राम नाईक १९७८ मध्ये बोरिवलीतून पहिल्यांदा महाराष्ट्र विधानसभेत गेले, पुढे खासदार, केंद्रात मंत्री, आणि २०१४ ते २०१९ लखनौच्या राजभवनात. १५ मे २०१७ ला नव्या विधानसभेच्या पहिल्याच अधिवेशनात ते अभिभाषण वाचायला उभे राहिले आणि विरोधी बाकांवरून कागदाचे गोळे येऊ लागले, शिट्ट्याही वाजल्या. सुरक्षा कर्मचारी हातातल्या फायली ढालीसारख्या धरून गोळे अडवत होते. नाईक वाचत राहिले. पुढच्या वर्षीही तेच झालं.

तुम्ही विरोधी पक्षात असाल तर ज्येष्ठ सदस्य तुमच्या हातात एक कागद देतील आणि डोळ्यांनी इशारा करतील. कागद आधी वाचा. बहुधा तो अभिभाषणाचीच प्रत असतो. त्यात तुमच्या जिल्ह्याचं नाव कुठं आहे का, हे चुरगाळण्याआधी पाहून ठेवायला हरकत नाही. सत्ताधारी असाल तर काम आणखी सोपं. वाक्य संपलं की बाक वाजवायचा, आणि शेजारच्यानं वाजवायला सुरुवात केल्याशिवाय आपण करायची नाही, कारण कधीकधी वाक्य संपलेलं नसतं.

आसन, आणि त्यावर कसं बसावं

मे २०२२ पासून हे सभागृह कागदविरहित झालं आहे. प्रत्येकाच्या पुढ्यात टॅबलेट. तो चालू कसा करायचा हे प्रशिक्षणात दाखवतात; तेव्हा नीट लक्ष द्या, म्हणजे ऐन प्रश्नाच्या वेळी पुतण्याला फोन करावा लागणार नाही. तो करताही येणार नाही, कारण २०२३ मध्ये १९५८ ची जुनी नियमावली बदलून नवी आली आणि तिनं मोबाइल सभागृहात आणायला बंदी केली.

ही नवी नियमावली अवश्य वाचा, करमणुकीची हमी आहे. झेंडे-फलक आणायचे नाहीत, कागद फाडायचे नाहीत, हे ठीक. पण लॉबीत इतक्या मोठ्यानं बोलायचं किंवा हसायचंही नाही की ते आत सभागृहात ऐकू जाईल. आतल्या लोकांना आपण काहीतरी मोलाचं चुकवतो आहोत असं वाटू नये, म्हणून असेल.

आणि अध्यक्षांकडे पाठ करून बसायचं किंवा उभं राहायचं नाही. हे फुटकळ वाटेल, पण या सभागृहाला पाठीचा इतिहास आहे. गोरखपूरचे केशव सिंह आमदार नव्हते. त्यांनी आणखी दोघांबरोबर एका आमदाराविरुद्ध पत्रक छापलं, विधानसभेनं तो आपला अवमान ठरवला आणि समज देण्यासाठी त्यांना लखनौला बोलावलं. रेल्वेभाड्याला पैसे नाहीत, असं त्यांनी कळवलं. शेवटी १४ मार्च १९६४ ला त्यांना धरून आणलं, तर ते अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले आणि नाव विचारलं तरी तोंड उघडेनात. सात दिवसांची कैद झाली. लखनौचा तो जुना तुरुंग आमच्या जेल रोडवर होता.

इथून पुढची गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. तुम्हालाही असावी, कारण हक्कभंग म्हणजे काय हे पहिल्या आठवड्यात कुणीतरी तुम्हाला विचारणारच. एका वकिलानं अर्ज केला, उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींनी केशव सिंहांना जामीन दिला. विधानसभेनं ठराव केला की हे दोन्ही न्यायमूर्ती आणि वकील यांनाच कोठडीत घालून सभागृहापुढे आणा. मग उच्च न्यायालयाचे अठ्ठावीस न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाला स्थगिती दिली. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. तिथं सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. सातांपैकी सहा जणांचं मत पडलं की न्यायमूर्तींनी सभागृहाचा काही अवमान केलेला नाही. यात केशव सिंहांचं काय झालं? १९६५ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांचा अर्ज फेटाळला आणि उरलेला एक दिवस त्यांना भोगावा लागला. देशभराची घटना ढवळून निघाली, आणि कैद्याच्या हिशेबातला दिवस तेवढा जागच्या जागी राहिला.

हा अधिकार संपला असं समजू नका. ३ मार्च २०२३ ला याच सभागृहानं न्यायालय होऊन सहा पोलिसांना मध्यरात्रीपर्यंतची कोठडी सुनावली. प्रकरण २००४ मध्ये कानपुरात एका आमदाराला झालेल्या मारहाणीचं. तुम्हाला कुणी टोल नाक्यावर ओळखलं नाही, तर तो हक्कभंग होत नाही. विचारून झालेलं आहे.

तोंडात काय नसावं

हा विभाग अगदी लहान ठेवायचा होता, पण ४ मार्च २०२५ नंतर तसं करता येत नाही. त्या दिवशी अध्यक्ष सतीश महाना यांनी सभागृहात सांगितलं की एका माननीय सदस्यानं पान मसाला खाऊन सभागृहातच थुंकलं आहे, ते त्यांनी जातीनं साफ करून घेतलं, आणि कोण ते चित्रफितीत दिसलं आहे. नाव घेतलं नाही. स्वतःहून येऊन भेटा म्हणाले. पाठोपाठ परिसरात पान मसाला आणि गुटख्यावर बंदी आली, दंड एक हजार रुपये. नवशिक्यानं हिशेब लक्षात ठेवावा: शपथेविना मतदान पाचशे, मसाला हजार.

प्रश्न कसा विचारावा

इथं थोडं थांबू, कारण बाकी सगळं तुम्हाला कुणीही शिकवेल. हे मात्र कुणी शिकवत नाही.

दिवसाची सुरुवात प्रश्नोत्तरांनी होते. अकराला सुरू, बारा वाजून वीस मिनिटांनी संपतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि तुम्हाला उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. पहिल्या अधिवेशनात प्रत्येकाला तारा हवा असतो, कारण ताऱ्याला कॅमेरा आहे. माझं मत उलटं आहे. ताऱ्याची वेळ बहुधा येतच नाही. तुमच्या आधीच्या प्रश्नावर गोंधळ होतो आणि बारा वीस वाजतात. अतारांकिताला गोंधळाची भीती नाही. तो खात्यात जातो, कुणीतरी कनिष्ठ अभियंता जीप काढून जागेवर जातो, आणि तुमच्या भागाबद्दल सरकारच्या नावानं एक कागद तयार होतो. असा कागद मी नोकरीत असताना पलीकडच्या टेबलावरून पाहिला आहे. विधिमंडळाचा प्रश्न आला की जेवणाची सुट्टी रद्द होते.

समजा, तुमच्या गावाजवळच्या नाल्यावरची मोरी खचली आहे. नवशिका असं विचारतो: "पुलांची दुरवस्था लक्षात घेता सरकार काही करणार आहे का?" याचं उत्तर "होय" असं येतं आणि सगळे घरी जातात. त्याऐवजी गावाचं नाव, रस्त्याचं नाव, मोरी कधी खचली ते, आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक कुठल्या तारखेला कुणाकडे गेलं, एवढंच विचारा. विशेषणं काढून टाका. 'दुरवस्था' या शब्दावर सरकार असहमत होऊ शकतं. तारखेवर असहमत होणं अवघड असतं.

उत्तराची भाषाही शिकून घ्या. महाराष्ट्रातले वाचक ती ओळखतील. लखनौमध्ये हिंदीत असली तरी घडण एकच. "हे खरे नाही" म्हणजे मोरी आहे, पण तुम्ही म्हणता त्या रस्त्यावर नाही. "अंशतः खरे आहे" म्हणजे अर्धी खचली आहे. "कार्यवाही सुरू आहे" म्हणजे फाईल सापडली. आणि "प्रश्न उद्भवत नाही" ही या साहित्यप्रकाराची सर्वोच्च ओळ. पहिल्या भागाला "नाही" म्हटलं की दुसरा, तिसरा, चौथा असे सगळे भाग त्या एका ओळीत निकालात निघतात. म्हणून पहिला भाग असा लिहावा की त्याला "नाही" म्हणताच येऊ नये. उदाहरणार्थ, तो रस्ता तुमच्या जिल्ह्यात आहे काय.

मोरीबाबत एक जादा सूचना. ती सार्वजनिक बांधकाम खात्याची, पाटबंधाऱ्याची की पंचायतीची, हे आधी शोधा. खातं चुकलं तर उत्तर येतं: "सदर मोरी या विभागाच्या अखत्यारीत नाही." हे उत्तर टाकून देऊ नका, जपून ठेवा.

मंत्री उभं राहून "दाखवून घेतो" म्हणाले तर ते शब्द तारखेसह लिहून घ्या. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला समिती असते. तिच्यावर नेमणूक झाली म्हणून खट्टू होणारे सदस्य असतात. पहिल्या टर्मला याहून चांगली समिती नाही.

भाषण

तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतील, तीही संध्याकाळी, बाकं रिकामी झाल्यावर. गणपूर्तीला एकदशांश सदस्य लागतात, म्हणजे एक्केचाळीस. ते मोजायचा मोह टाळा, कारण कमी भरले आणि तुम्ही ते दाखवून दिलंत तर तुमचंच भाषण थांबेल. २०२५ च्या फेब्रुवारीपासून अवधी, भोजपुरी, ब्रज, बुंदेली आणि इंग्रजीतही बोलण्याची सोय झाली आहे. इंग्रजीवरून विरोधी पक्षनेते माता प्रसाद पांडे यांनी हरकत घेतली आणि त्या दिवशी बाकीच्या विषयांपेक्षा चर्चा तिचीच झाली. बोली येत असेल तर बोलीतच बोला. घरचे लोक थेट प्रक्षेपण पाहतात आणि बोलीत थापा मारणं कठीण जातं. अगदीच वेळ मिळत नसेल तर १३ ऑगस्ट २०२५ सारख्या दिवसाची वाट पाहा. तेव्हा सभागृह 'व्हिजन २०४७' वर सलग चोवीस तास बोलत होतं. पहाटे तीनचा वक्ता व्हायला फारशी चुरस नसते.

हौद्यात उतरणे

अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत घोषणा देत धावून जाण्याला आपल्याकडे हौद्यात उतरणं म्हणतात. पक्षानं सांगितलं तर उतरावं लागतं. दुसऱ्या रांगेत राहा. २१ ऑक्टोबर १९९७ ला कल्याण सिंह यांच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी याच सभागृहात ध्वनिक्षेपक उपटून फेकले गेले, सदस्य रक्तबंबाळ झाले आणि ती दृश्यं देशानं टीव्हीवर पाहिली. त्या चित्रांत ज्यांचे चेहरे आले, ते पुढे काय काय बोलले हे कुणालाही आठवत नाही. इथं कोपऱ्यातल्या सदस्याचा फायदा आहे.

संध्याकाळी, आलमबागेत

दारुलशफाच्या आमदार निवासात खोली मिळेपर्यंत तुमचे लोक आलमबागेत नातेवाइकांकडे उतरतील. चंदरनगरच्या बाजारात फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांची दुकानं आहेत. सांगितलेलं सामान मिळतं, उधारी मिळत नाही. मतदारांना गॅलरीचा पास हवा असतो. पास द्या, पण कुठल्या दिवशीचा हे विचार करून द्या. तुम्ही गप्प बसलेले दिसाल असा दिवस टाळा, आणि हौद्यात दिसाल असाही.

मग एक संध्याकाळ इको गार्डनमध्ये काढा. तुरुंग पाडून ही बाग झाली आणि बागेत आता धरणं. शिक्षक भरतीतले उमेदवार, मानधन वाढावं म्हणून आलेल्या बाया, कुठल्या तरी योजनेतून काढलेले कंत्राटी कामगार. अधिवेशन असलं की गर्दी वाढते. तिथं भाषण करू नका, त्यांच्याकडे माइक आहे आणि ते तुमच्यापेक्षा बरं बोलतात. गाडी लांब लावा, अंगरक्षक आणखी लांब. कुणीतरी म्हातारा प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढेल आणि म्हणेल, "भइया, तनिक देख लो." हे "भइया" ऐकून पाघळू नका, तो तुम्हाला आमदार म्हणून ओळखत नाही, चष्मा असलेला माणूस दिसला म्हणून म्हणतो आहे. कागद पूर्ण वाचा. नव्वद टक्के कागदांवर एक शासन निर्णय क्रमांक असतो, आणि पुढच्या अतारांकित प्रश्नाचा पहिला भाग तोच. याला "नाही" म्हणता येत नाही.

(नव्वद टक्के हा माझा अंदाज आहे. सभागृहात वापरू नका.)

संपल्यावर

अधिवेशन लवकर संपतं. २०२५ चं पावसाळी ११ ऑगस्टला सुरू झालं आणि १४ ला आटोपलं. "अनिश्चित काळासाठी तहकूब" ऐकलं की सगळे छायाचित्रासाठी जिन्यावर जमतात; तुम्हीही उभे राहा, घरी लागतं ते. पण तहकुबी म्हणजे शेवट नव्हे. राज्यपालांनी सत्रावसान केलं की प्रलंबित विधेयकं जिवंत राहतात आणि तुमच्या पडून राहिलेल्या सूचना व्यपगत होतात. हे कुणी फोन करून सांगत नाही.

म्हणजे मोरीचा प्रश्न गेला. तो परत टाकायचा आहे. या वेळी बांधकाम खात्याला नको, पाटबंधाऱ्याला. सोबत ते जपून ठेवलेलं उत्तर जोडा, "सदर मोरी या विभागाच्या अखत्यारीत नाही" हे वाक्य ठळक करून, आणि पहिल्या भागात विचारा की मोरी नेमकी कुणाच्या अखत्यारीत आहे. उत्तर "अंशतः खरे आहे" असं आलं तर मला कळवा. तसं उत्तर मी अजून पाहिलेलं नाही.